नोकरी सांभाळून ऑनलाइन इंजिनिअरिंग: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

चाकणच्या शॉप फ्लोअरवरचा डिप्लोमाधारक, हिंजवडीत टेस्टिंगला लागलेला बीएस्सीवाला, खराडीत रात्रपाळीत सपोर्ट सांभाळणारी बीकॉमवाली. तिघांचा प्रश्न एकच असतो: नोकरी न सोडता इंजिनिअरिंग होईल का? होतं. पण बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी फी भरतात, मग पदवी कुठे चालेल याची चौकशी करतात आणि वेळेचा हिशेब पहिली परीक्षा हुकल्यावर मांडतात. खाली टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. पहिले चार टप्पे पूर्ण होईपर्यंत प्रवेशासाठी कोणालाही एक रुपया देऊ नका.

## टप्पा १: नेमका कोणता कागद हवाय ते ठरवा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते, म्हणून आधी स्पष्ट सांगायला हवं: भारतात पूर्ण ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीच्या बीई-बीटेकला मान्यता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२० च्या नियमावलीत दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देता न येणाऱ्या अभ्यासक्रमांची यादी आहे. त्यात वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, कायदा यांच्यासोबत इंजिनिअरिंगही आहे. याआधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या परीक्षा होईपर्यंत स्थगित झाल्या आणि त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्द झाल्या. कित्येकांच्या नोकरीतल्या बढत्या त्याच पदव्यांवर उभ्या होत्या.

एएमआयईचा, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षांचा, जुना रस्ताही सांगणारे भेटतात. सरकारी नोकरीसाठी त्याची पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती आहे. आज नाव नोंदवून बीईच्या तोडीचा कागद हातात येत नाही.

मग उरतं काय? ते तुमच्या गरजेवर ठरतं.

तुम्ही डिप्लोमा केलेला आहे आणि कंपनीत ‘इंजिनिअर’ ग्रेडसाठी किंवा सरकारी कनिष्ठ अभियंत्याच्या पुढच्या पदासाठी बीई किंवा बीटेकच हवं, तर तुमचा रस्ता ऑनलाइन नाही. एआयसीटीईने, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी वेगळ्या तुकड्यांना परवानगी दिली आहे. कामाच्या वेळेनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष वर्ग आणि प्रयोगशाळा, डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. किमान १ वर्षाचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो. कंपनी संस्थेपासून ठरावीक अंतराच्या आत असावी लागते; ते अंतर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघून मगच अर्ज करा. महाराष्ट्रातल्या या प्रवेशांची सूचना राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर येते, तीही थोड्याच दिवसांसाठी. जून-जुलैपासून आठवड्यातून एकदा तिथे डोकवा.

तुम्हाला सॉफ्टवेअर, डेटा किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये कामाचं ज्ञान आणि मान्य पदवी हवी आहे, पदवीच्या नावात ‘बीटेक’ नसलं तरी चालेल, तर आयआयटी मद्रासची बीएस पदवी बघा. डेटा सायन्सचा अभ्यासक्रम २०२० मध्ये सुरू झाला, इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा २०२३ मध्ये. पहिल्यासाठी दहावीला गणित आणि इंग्रजी, शिवाय बारावी उत्तीर्ण लागतं. दुसऱ्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. जेईई लागत नाही. त्याऐवजी ४ आठवड्यांचा अभ्यास आणि त्यावरची पात्रता परीक्षा असते.

आधीच इंजिनिअर असाल आणि पुढची पदवी हवी असेल, तर बिट्स पिलानीचे नोकरदारांसाठीचे एमटेक किंवा काही आयआयटींचे ई-मास्टर्स आहेत. ई-मास्टर्स म्हणजे एमटेक नव्हे. दोन्हींच्या प्रवेशाच्या अटी आणि पुढे पीएचडीसाठीचं स्थान वेगळं असतं, ते आधी विचारा. बीसीए किंवा बीएस्सीवाल्यांनी ऑनलाइन एमसीएचाही विचार करावा. आयटीतल्या पुष्कळ जागांना तेवढं पुरतं आणि खर्चही कमी होतो.

तपासणी: एका कागदावर तीन ओळी लिहा. मला हा कागद कुठे दाखवायचा आहे? तिथे पदवीचं नेमकं कोणतं नाव मागतात? हे मला कोणी लेखी सांगितलं? तिसरी ओळ रिकामी असेल तर कंपनीच्या एचआरला मेल करा किंवा ज्या भरतीकडे डोळा आहे तिची जुनी जाहिरात काढून पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचा.

## टप्पा २: जाहिरात आणि फोनवरचं बोलणं तपासा

चौकशीचा एक फॉर्म भरला की दिवसाला चार फोन सुरू होतात. बोलणारे ‘काउन्सेलर’ बहुतेक वेळा विद्यापीठाचे नसतात, प्रवेशामागे कमिशन घेणाऱ्या मधल्या कंपनीचे असतात. त्यांची ठरलेली वाक्यं आणि त्यांचा अर्थ बघा.

‘यूजीसी मान्यताप्राप्त विद्यापीठ आहे.’ विद्यापीठ मान्यताप्राप्त असेलही. तुम्हाला मात्र तो अभ्यासक्रम, त्या पद्धतीने, त्या सत्रासाठी मान्य आहे का हे हवंय. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर सत्रानुसार यादी असते. तिथे चार गोष्टी एकाच ओळीत सापडल्या पाहिजेत: विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, ‘ऑनलाइन’ की ‘दूरस्थ’, आणि तुमचं प्रवेशाचं सत्र. मागच्या वर्षीची मान्यता या वर्षी असेलच असं नाही.

‘सर्टिफिकेटवर रेग्युलरच येईल.’ हे ऐकलं की फोन ठेवा. न केलेल्या हजेरीचा कागद देण्याची ही तयारी आहे. पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपनीने हजेरी आणि नोकरीच्या तारखा शेजारी ठेवल्या की प्रकरण तुमच्याच अंगावर येतं.

‘तुमचा अनुभव धरून एका वर्षात बीटेक करून देतो.’ क्रेडिट (विषयाच्या अभ्यासभाराचं माप) ट्रान्सफर ही खरी सोय आहे, पण ती एका मान्य संस्थेत उत्तीर्ण झालेल्या विषयांचे क्रेडिट दुसरीकडे नेण्याची असते. नोकरीच्या वर्षांची पदवीची वर्षं होत नाहीत.

‘आज भरलं तर स्कॉलरशिप.’ पैसे विद्यापीठाच्याच खात्यात किंवा पोर्टलवर भरायचे, पावतीवर विद्यापीठाचंच नाव हवं. मधल्या कंपनीच्या यूपीआयवर गेलेले पैसे परत मागायला दार उरत नाही.

सावधान: आयआयटीसारख्या संस्था स्वतःच्या कायद्याखाली चालतात, त्यामुळे त्यांचं नाव डीईबीच्या यादीत नसलं म्हणून गोंधळू नका. त्यांची खात्री थेट संस्थेच्या अधिकृत पानावरून करा. उलट, आयआयटीच्या नावाने फिरणारी बरीच सहा-आठ महिन्यांची सर्टिफिकेटं पदवी नसतात.

## टप्पा ३: आठवड्याचे तास मोजा

‘रोज दोन तास काढीन’ हा हिशेब नव्हे. पेन घ्या.

आठवड्याचे १६८ तास. सात तास झोप धरली तर ४९ गेले, उरले ११९. सहा दिवस साडेआठ तासांची ड्युटी म्हणजे ५१, उरले ६८. कंपनीच्या बसने जाऊन-येऊन दोन तास धरले तर १२ गेले, उरले ५६. आंघोळ, जेवण, घरची कामं रोज तीन तास, म्हणजे २१, उरले ३५. घरच्यांसाठी, दवाखाना, लग्नकार्य, गावी जाणं यासाठी आठवड्याला सरासरी १० तास. उरले २५. या २५ पैकी अर्धे तास असे असतात की डोकं चालत नाही; रात्री साडेदहाला व्हिडिओ चालू असतो आणि आपण पेंगत असतो. हातात साधारण १२ तास राहतात.

आता अभ्यासक्रमाकडून उलटं बघू. आयआयटी मद्रासच्या बीएसमध्ये ४ क्रेडिटच्या एका विषयाला आठवड्याला सुमारे १० तास धरले जातात. १२ तासांत एक विषय नीट होतो. दोन विषयांसाठी २० तास लागतात, म्हणजे आणखी आठ तास कुठून तरी आणावे लागतील.

इथे दुसरा हिशेब करावाच लागतो. पूर्ण बीएस १४२ क्रेडिटची आहे आणि वर्षाला तीन टर्म असतात: जानेवारी, मे, सप्टेंबर. दर टर्मला दोन विषय म्हणजे वर्षाला साधारण २४ क्रेडिट, पूर्ण पदवीला सहा वर्षं. दर टर्मला एकच विषय घेतला तर वर्षाला १२ क्रेडिट आणि बारा वर्षं लागतील. पण कमाल मुदत ८ वर्षांची आहे. म्हणजे सरासरी वर्षाला १८ क्रेडिटच्या खाली गेलात तर बीएस मुदतीत बसत नाही. म्हणून वेग असा ठरवा: पहिल्या टर्मला एकच विषय, नंतर वर्षातल्या हलक्या टर्मला दोन आणि कामाच्या गर्दीच्या टर्मला एक किंवा दोन. बीएसच हवी असा हट्ट नसेल तर ११४ क्रेडिटला बीएस्सी घेऊन बाहेर पडता येतं, त्याआधी डिप्लोमाचा टप्पाही आहे. मधे थांबावं लागलं तरी हात रिकामे राहत नाहीत. नोकरदारासाठी ही रचना फार मोलाची आहे.

प्रत्यक्ष वर्गांच्या नोकरदार तुकडीसाठी हिशेब वेगळा. संध्याकाळी सहाचा वर्ग शिवाजीनगरला आणि कंपनी चाकणला असेल, तर नाशिक रस्त्याची कोंडी धरून चारलाच निघावं लागतं. फर्स्ट शिफ्टवाल्याला जमतं. पण दर आठवड्याला शिफ्ट फिरत असेल तर सेकंड शिफ्टचा प्रत्येक आठवडा हजेरीतून जातो आणि हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत. जनरल किंवा फर्स्ट शिफ्ट कायम मिळेल असं लेखी मिळाल्याशिवाय हा प्रवेश घेऊ नका.

## टप्पा ४: फी भरण्याआधी खरीखुरी चाचणी घ्या

आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत असतात. शिकायला पैसे लागत नाहीत, फक्त परीक्षेला बसायचं तर फी. प्राथमिक पायथन किंवा संख्याशास्त्र यांतला ८ किंवा १२ आठवड्यांचा एक घ्या आणि नोकरी चालू असताना पूर्ण करा.

तिथली गुणपद्धत पुढच्या वर्षांची चांगली तालीम आहे. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरून २५ गुण, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्राला असाइनमेंटचे किमान १० आणि परीक्षेचे किमान ३० लागतात. एकात पास होऊन चालत नाही.

तपासणी: तीनपेक्षा जास्त असाइनमेंट हुकल्या, तर कोणत्या आठवड्यात आणि का ते लिहा. कारण ‘विषय अवघड’ असेल तर बारावीच्या गणिताची तीन महिने उजळणी करा: फल (फंक्शन), लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, संभाव्यता. कारण ‘ऑडिट होतं, ओटी होता’ असेल तर अडचण टप्पा ३ मध्ये आहे, तिकडे परत जा.

## टप्पा ५: कागदपत्रं आणि नावातला एक फरक

कागदपत्रांची यादी लहान आहे: दहावी-बारावी किंवा डिप्लोमाच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, सही, नोकरदार तुकडीसाठी अनुभवाचं पत्र आणि पगारपत्रक. त्रास नावात होतो. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेक वेळा शेवटी, कुठे वडिलांचं पूर्ण नाव तर कुठे नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत तर दोन्ही कागदांवर दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या, आणि लग्नानंतरचंच नाव ठेवायचं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र तयार ठेवा. हे अर्जाच्या दोन महिने आधी.

यूजीसीच्या कक्षेतल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना क्रम असा: डिजिलॉकर, त्यातून एबीसी आयडी (तुमची क्रेडिट जिथे जमा होतात त्या खात्याचा क्रमांक), मग डीईबीच्या पोर्टलवर डीईबी आयडी, मग विद्यापीठाचा अर्ज. आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा, कारण प्रत्येक पायरीला ओटीपी येतो.

सावधान: हे आयडी स्वतः काढा. मदत म्हणून दुसऱ्याने काढले आणि त्यात त्याचा मोबाइल किंवा ईमेल टाकला, तर पुढची सगळी वर्षं तुमच्या क्रेडिटची किल्ली त्याच्याकडे राहते.

फीमध्ये सवलत घ्यायची असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आधीच लागतात. केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला हवा असतो, राज्याचा दिला की अर्ज सर्वसाधारण गटात जातो. तहसील कचेरीत किंवा सेतूवर अर्ज करतानाच नमुना दाखवा.

## टप्पा ६: साहेबांशी बोलणं, तारखांसकट

लपवून शिकण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. अभ्यास लपतो, परीक्षेचा रविवार लपत नाही. आयआयटी मद्रासच्या बीएसमध्ये प्रत्येक टर्मला दोन क्विझ आणि एक शेवटची परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर असते, आणि ती रविवारी. म्हणजे वर्षाला ९ रविवार. पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या माणसासाठी हे ९ रविवार कामाचे दिवस आहेत, आणि आठवडाभर आधी मागितलेली सुट्टी मिळेलच असं नाही.

टर्मचं वेळापत्रक आलं त्याच दिवशी बोला आणि मागोमाग मेल करा. मजकूर एवढा पुरे:

> सर, मी नोकरी सांभाळून आयआयटी मद्रासच्या बीएसला प्रवेश घेतला आहे. या टर्ममध्ये तीन रविवारी केंद्रावर परीक्षा आहे, तारखा खाली देत आहे. त्या तीन दिवशी सुट्टी आणि आदल्या शनिवारी रात्रपाळी नको, एवढी विनंती आहे. त्या दिवसांचं काम मी आधीच्या गुरुवारी येऊन भरून देईन. शिफ्ट बदलायला सहकारी तयार आहेत.

शिफ्ट बदलणारा सहकारी आधी शोधून ठेवायचा आणि मग साहेबांकडे जायचं. अडचण आणि तिची तोड एकदम समोर आली की होकार सोपा होतो. आयटीत असाल तर रविवारच्या सुट्टीचा प्रश्न नसतो, तिथे ऑन-कॉलची यादी बघा: परीक्षेच्या आठवड्यात आणि रिलीजच्या रात्री तुमचं नाव नको.

कंपनी फीचा परतावा देत असेल तर तीन ओळी वाचा: पास झाल्यावर देणार की भरल्याबरोबर, नोकरी सोडली तर किती महिन्यांच्या आत परत मागणार, आणि तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या यादीत आहे का. बिट्ससारख्या ठिकाणी कंपनीचं संमतीपत्र आणि मार्गदर्शकाची सही प्रवेशालाच लागते. मधे नोकरी बदलली की हे सगळं नव्या कंपनीत पुन्हा उभं करावं लागतं. राजीनामा ठरलेला असेल तर प्रवेश एक टर्म पुढे ढकला.

## टप्पा ७: लॅपटॉप, नेट, वीज

कंपनीचा लॅपटॉप वापरू नका. त्यावरचं सुरक्षा सॉफ्टवेअर परीक्षेचा ब्राउझर, कॅमेऱ्याची परवानगी आणि स्क्रीन शेअरिंग अडवतं. हे कळतं ते देखरेखीखालची प्रोग्रॅमिंग परीक्षा सुरू होताना. स्वतःचा, १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप पुरेसा आहे. ८ जीबीवर सुरुवातीचे विषय निघतात, पुढे अडतं.

पुण्यात महावितरण देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतं, बऱ्याचदा सकाळपासून दुपारपर्यंत. ज्यांची सुट्टीच गुरुवारी आहे त्यांचा अभ्यासाचा मोठा दिवस असा जातो. बुधवारी रात्री लॅपटॉप चार्ज करा, व्हिडिओ उतरवून ठेवा, राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा. दुसरं सिम ब्रॉडबँडच्या कंपनीचं नसावं. घरात शांतता नसेल तर सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये महिन्याच्या फीवर जागा मिळते. पण कॅमेऱ्यावरच्या परीक्षेसाठी अभ्यासिका चालत नाही, खोलीत एकटं असावं लागतं. त्या दिवशी घरच्यांना दोन-तीन तास बाहेर जाण्याची विनंती आधीच करून ठेवा.

इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सला प्रयोगशाळेसाठी चेन्नईच्या कॅम्पसवर जावं लागतं. प्रवासाचे दोन दिवस धरून तेवढी रजा वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढा.

## टप्पा ८: पहिली टर्म कशी चालवायची

पात्रता परीक्षेत चांगले गुण आले की चार विषयांपर्यंत नोंदणी करता येते. करता येते म्हणून करू नका. पहिल्या टर्मला एक विषय. गणित किंवा संख्याशास्त्र घ्या, कारण पुढचे सगळे विषय त्यावर उभे आहेत. नापास झालेल्या विषयाची पुन्हा नोंदणी म्हणजे पुन्हा फी आणि चार महिने.

नवा आठवडा खुला झाला की पहिल्या दोन दिवसांत सगळे व्हिडिओ एकदा बघून टाका, नोट्स न काढता. बसमध्ये चालतं. पुढचे तीन दिवस रोज एक तास टेबलावर बसून फक्त गणितं. सुट्टीच्या दिवशी चार तास: दोन उरलेल्या गणितांना, दोन असाइनमेंटला. असाइनमेंट मुदतीच्या किमान एक दिवस आधी भरा. मुदत संपली की विनंतीचा उपयोग होत नाही, आणि सुरुवातीच्या आठवड्यांची सरासरी ठरावीक मर्यादेच्या खाली गेली तर शेवटच्या परीक्षेला बसताच येत नाही.

व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास झाला, हा सगळ्यात मोठा भ्रम. एक उदाहरण बघा. तीन मशिन आहेत, प्रत्येक आज बंद पडण्याची शक्यता ०.१, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. किमान एक बंद पडण्याची शक्यता किती? व्हिडिओ ऐकून उठलेला माणूस ०.१ तीनदा मिळवतो आणि ०.३ लिहितो. तसंच करत गेलं तर अकरा मशिनला शक्यता १.१ येईल, आणि एकपेक्षा मोठी शक्यता असूच शकत नाही. बरोबर रस्ता उलटा आहे: एकही बंद न पडण्याची शक्यता ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९, म्हणून उत्तर १ − ०.७२९ = ०.२७१. सरांनी हे सोडवताना बघितलं तर अगदी सोपं वाटतं. म्हणून प्रश्न पडद्यावर आला की व्हिडिओ थांबवा, वहीत स्वतः सोडवा, चुकू द्या, मग पुढे चालवा. एका व्हिडिओला दुप्पट वेळ लागतो, पण परीक्षेच्या आठवड्यात तो वेळ परत मिळतो.

प्रोग्रॅमिंगलाही हेच लागू. तयार उत्तर चिकटवून असाइनमेंटला पूर्ण गुण मिळतात आणि देखरेखीखालच्या परीक्षेत कोऱ्या पडद्यासमोर पहिली ओळ सुचत नाही. रोज वीस मिनिटं का होईना, स्वतः टाइप करून एक छोटा प्रोग्रॅम चालवा.

तपासणी, चौथ्या आठवड्याच्या शेवटी: मागच्या तीन आठवड्यांतली दहा गणितं वही न बघता सोडवा. सहापेक्षा कमी आली तर नवा आठवडा दोन दिवस थांबवून आधी ती भरून काढा.

## टप्पा ९: परीक्षेचे रविवार आणि पुण्याचं कॅलेंडर

टर्मच्या तारखा पुण्याच्या कॅलेंडरवर चढवा. मे टर्ममध्ये पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा रस्ते बंद असतात. सप्टेंबर टर्ममध्ये गणपती, नवरात्र, दिवाळी हे सगळं एकामागून एक येतं, आणि कारखान्यांत त्याच काळात दिवाळीआधीची उत्पादनाची घाई असते. जानेवारी टर्ममध्ये मार्चअखेर. म्हणून सप्टेंबर टर्मला एकच विषय ठेवणं शहाणपणाचं. दोन विषयांची झेप मे टर्ममध्ये घ्या.

केंद्र शहराच्या कोणत्या टोकाला येईल ते हॉलतिकिटावरच कळतं. शनिवारी पत्ता बघून ठेवा, रविवारी पीएमपीच्या बसची वारंवारिता कमी असते. हॉलतिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र सोबत हवं. मोबाइलमधलं आधार कित्येक केंद्रांवर चालत नाही. शनिवारी रात्रपाळी करून थेट केंद्रावर जाऊ नका. दोन पेपरांमध्ये डोळा लागतो आणि दुसऱ्या पेपरातले सोपे गुण जातात. तसाच प्रसंग आला तर त्या रविवारी दोनपैकी एकाच विषयाचा पेपर द्यायचा हे आदल्या आठवड्यातच ठरवा आणि सगळी तयारी त्याच विषयाची करा.

पहिली क्विझ वाईट गेली म्हणून टर्म सोडणारे खूप आहेत. गुणांचं सूत्र काढा: क्विझला किती वजन, शेवटच्या परीक्षेला किती, आणि पास होण्यासाठी आता किती लागतात. बहुतेक विषयांत शेवटच्या परीक्षेचं वजन सगळ्यांत जास्त असतं, त्यामुळे हिशेब केल्यावर विषय अजून हातात आहे असंच दिसतं. खरोखरच गेला असेल तर दोन विषयांपैकी दुसरा वाचवा आणि सुटलेला पुढच्या टर्मला पहिल्या आठवड्यापासून घ्या. जुन्या नोट्स कपाटात ठेवा आणि गणितं नव्या वहीत सुरू करा.